दाणा आणि त्याची भावकी

डहाणू रोडच्या फलाटावर तो खारा होऊन कागदाच्या पुडीत भेटतो, तलासरीत गुळाचा हात धरून लाडू होतो. शेंगदाण्याचा स्वभावच मिसळणारा. भुईमुगाचं पिवळं फूल उन्हात फुलतं, मग आऱ्या खाली वळून मातीत शिरतात आणि शेंग अंधारात धरते. लोक त्याला काजू-बदामाच्या पंगतीला बसवतात. खरा तो तूर, वाल, हरभऱ्याच्या भावकीतला.

पण काहींशी त्याचं हाडवैर. दाणा पोटात गेला की त्यांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. त्याच्या प्रथिनांतलं अ‍ॅरा एच २ भलतंच हट्टी: ना विस्तवाला भीत, ना जठररसाला. भाजल्यावर दाणा जास्तच तापट होतो. उकडल्यावर थोडी प्रथिनं पाण्यात उतरतात, म्हणून जरा मवाळ. त्या मवाळपणावर वैऱ्याने मात्र विसंबू नये.

दाणा एकदा पकडला गेला की चौकशी भावकीच्या दारात येते. रक्ततपासणीत मसूर, वाटाणा, हरभराही ‘पॉझिटिव्ह’ निघतात, कारण प्रथिनांची चेहरेपट्टी जुळते. चेहरा जुळला म्हणून गुन्हा शाबीत होतो का? १९८९च्या एका अमेरिकी अभ्यासात शेंगवर्गातलं अन्न खाऊन खरोखर त्रास झालेली ४१ मुलं होती. त्यांतल्या फक्त दोघांना एकाहून जास्त जिन्नस बाधले. खरं-खोटं ठरतं ते डॉक्टरांसमोर, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून, थोडं थोडं खाऊ घातल्यावर. नुसत्या कागदावरून डाळ बंद करायची, तीही तलासरीतल्या डाळ-भाताच्या ताटातली, हे मला तरी पटत नाही.

भावकी अगदीच सोवळी आहे असंही नाही. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे चांगलीच आढळते, हे मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी २००१ साली मांडलं. आणि काजू, अक्रोड नात्यातले नसूनही काहींना दाण्याच्या जोडीने बाधतात. प्रथिनं कुळ विचारत नाहीत.

युरोपात तर भूर्जाच्या परागांनी शिंकणाऱ्यांपैकी काहींचं तोंड दाणा खाल्ल्यावर खाजतं. डहाणूत भूर्ज कुठला! इथे ताड, नारळ आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू. अर्धवट पिकलेला चिकू चावला की चिकाने आणि तुरटपणाने तोंड आवळतं. ती अ‍ॅलर्जी नव्हे. म्हैसूरच्या संशोधकांनी चिकूतलंही एक अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन शोधलंय, पण असे रुग्ण विरळा. तोंड आवळण्याशी दाण्याचा काडीचा संबंध नाही. तरी सहलीत पोराने चिकूबरोबर चार दाणे खाल्लेले असले आणि तोंड आवळलं, की आधी फेकली जाते ती दाण्याची पुडी.