यंत्राला काय काय दिसतं?

एआयने अमुक गेम जिंकला अशी बातमी आली की मला हल्ली एकच प्रश्न पडतो: खेळताना त्याला नेमकं काय दिसत होतं?

२०१५ साली डीपमाइंडने जुन्या अटारी गेम्सवर शिकवलेल्या प्रोग्रामला फक्त स्कोअर आणि स्क्रीन मिळायची, तीही ८४ बाय ८४ ठिपक्यांएवढी लहान केलेली. चेंडू कुठला आणि भिंत कुठली, हे त्याचं त्यानेच शोधायचं. उलट २०१९मध्ये ‘डोटा २’च्या जगज्जेत्या ओजी संघाला हरवणाऱ्या ओपनएआय फाइव्हने स्क्रीन पाहिलीच नाही. कोण कुठे उभं आहे, कुणाची हेल्थ किती उरलीय, हे आकडे गेमच त्याला थेट पुरवायचा. याला गेमची ‘स्टेट’ म्हणतात, म्हणजे या क्षणाची परिस्थिती.

त्याच वर्षी जानेवारीत डीपमाइंडने ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणारा अल्फास्टार दाखवला. त्याने दोन व्यावसायिक खेळाडूंना मिळून दहा सामन्यांत हरवलं होतं. पण त्याला कॅमेरा न हलवताच नकाशाचा उघडा असलेला सगळा भाग एकदम दिसत होता. मग माणसासारखा कॅमेरा फिरवणारी नवी आवृत्ती उतरवली, आणि ती माना या खेळाडूकडून हरली. ती कमी दिवस शिकलेली होती, हेही खरं. तरी खेळात दुसऱ्यापेक्षा जास्त दिसणं म्हणजे थोडी लबाडीच.

पुरात मात्र जास्त दिसायलाच हवं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून आमच्या महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडला तिची धोक्याची पातळी साडेसहा मीटर. पावसाळ्यात पातळीचा आकडा व्हॉट्सॲपवर दिवसभर फिरत असतो.

म्हणून मी एक छोटा गेम बनवला. एक गल्ली, एक नदी, एक दुकान. पाणी चढायच्या आत माल माळ्यावर न्यायचा. खेळणार एक एआय एजंट. प्रत्येक चालीआधी त्याला चार ओळी मिळतात: पातळी, पाऊस, वेळ, शिल्लक माल. त्या वाचून तो पुढची चाल सांगतो. एवढ्यावर तो पातळी सहाच्या पुढे जाईपर्यंत स्वस्थ बसायचा, आणि मग पोती उचलायला चालीच उरायच्या नाहीत.

आणखी कुठल्या ओळी हव्यात, हे मी घरात विचारलं. आई म्हणाली, “पोलादपूरकडे किती पडतोय ते घाल. इथलं ऊन बघून काय कळणार?” काका म्हणाले, “भरतीची वेळ लिही. भरती असली की नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, फुगत जातं.” या दोन ओळी आल्यावर एजंट आकडा चारवर असतानाच कामाला लागला.

आजीने स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, “समोर कोण राहतं?”

मी ओळ लिहिली: समोरच्या घरात एक म्हातारी बाई एकटी, जिना चढता येत नाही. गुण फक्त मालाचे होते, तिचा एकही नव्हता. तरी एजंटची पहिली चाल तिच्या दाराकडे गेली. त्याला दया आली असं मी म्हणणार नाही. भाषेवर शिकलेलं मॉडेल आहे, अशा वाक्यानंतर माणसं काय करतात हे त्याने पुष्कळ वाचलेलं असणार. पण ती ओळ नसती तर त्याच्या जगात ती बाईच नसती.

इथे गेम हा गेम राहत नाही. २२ जुलै २०२१ला महाड पाण्यात असताना तालुक्यातल्याच तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. नदीची पातळी कितीही अचूक मोजली, तरी तिच्यात तो डोंगर नव्हता. उद्या पुराचा इशारा खरोखरच एखादा एजंट देऊ लागेल. तो किती हुशार आहे हे आपण विचारूच. त्याआधी विचारायचं ते हे, की त्याच्यासमोरच्या ओळी कुणी लिहिल्या, आणि लिहिताना कुणाला विचारलं.

माझ्या गेममध्ये पुढची ओळ डोंगराची आहे. जमिनीला भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा: यातलं काय आधी लिहायचं, ते वरच्या वाड्यांवर विचारत फिरतेय.