एकोणीस आणि अडतीस

माझ्याकडे दहावीच्या दोन मार्कलिस्ट आहेत. एक मार्च २०१९ ची, दुसरी त्याच वर्षीच्या जुलैची. पहिलीत इंग्रजीपुढे १९ आहेत, दुसरीत ३८. दुसरी बघून लोक म्हणतात, "बाई, केवढी जिद्द!" मग मी पहिली काढून त्यांच्या हातात देते. जिद्द दोन्ही वेळेला तेवढीच होती. कमी पडली ती दुसरीच गोष्ट, आणि ती कुठल्याच मार्कलिस्टवर छापून येत नाही.

माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. नववीची सहामाही दिली आणि पुढच्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं. दहा वर्षांनी पदरी तीन वर्षांचा मुलगा घेऊन परत आले. आमच्याकडे 'नवऱ्याने टाकली' असं कुणी म्हणत नाही, 'ती नांदत नाही' म्हणतात. म्हणजे दोष कुणाचा, ते क्रियापदातच ठरून जातं. आमच्याच जिल्ह्यात, संगमनेरला, १९८८ साली ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मी पाळण्यात होते. पण पुढे तीस वर्षांनीही माझ्या गावात शब्द तोच होता.

गाव सोडून २०१४ साली नगरला आले. सावेडीत, भिस्तबाग चौकाच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या, भाडं अडीच हजार. प्रोफेसर कॉलनी चौकाकडच्या एका दवाखान्यात मावशी म्हणून लागले. फरशी, चादरी, बेडपॅन, पेशंटला धरून संडासला नेणं. सकाळी आठ ते पाच. दहावी पास बाईला तिथे 'वॉर्ड अटेंडंट' म्हणायचे आणि बाराशे रुपये जास्त द्यायचे. काम एकच, बादलीही तीच. त्या बाराशे रुपयांसाठी मी शाळेत गेले. ज्ञानाची ओढ वगैरे नंतर लागली, खोटं कशाला सांगू!

कुणी म्हणालं, दहावीच्या भानगडीत पडू नकोस, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दे आणि थेट बी.ए. ला बस. वाट चांगलीच होती. पण माझ्या पगारपत्रकाला बी.ए. कळत नव्हतं, त्याला 'दहावी पास' हेच दोन शब्द कळत होते. मग एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मुलाने भाई सथ्था नाईट हायस्कूलचं नाव सांगितलं. हिंद सेवा मंडळाची ही रात्रशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठीच ती भरते.

प्रवेशासाठी जुन्या शाळेचा दाखला हवा होता. चौदा वर्षांनी गावच्या शाळेत गेले. क्लार्कने रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत फिरवत माझ्या नावावर आणलं. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं : पालकांच्या विनंतीवरून. मी ते दोनदा वाचलं. विनंती एवढी अदबीने झाली होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

जून २०१७ मध्ये पुन्हा नववीत बसले. वय तीस. वर्गात हॉटेलात ताटं उचलणारी पोरं, गॅरेजवाली, इस्त्रीच्या दुकानातली, आणि आम्ही तीन-चार बाया. पोरं मला पहिल्या आठवड्यात 'मॅडम' म्हणत होती, मग 'मावशी' म्हणायला लागली. दवाखान्यातही मावशी, शाळेतही मावशी. फरक एवढाच की शाळेत मावशीला बसायला बाक होता.

पहिल्यांदा काही डोक्यात शिरलं ते गुणोत्तर आणि प्रमाण. सर फळ्यावर एकास चाळीस लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर फिनेलची बाटली आली. एका बादलीला किती झाकणं, हे मी तीन वर्षं हाताच्या अंदाजाने करत होते. बादली अर्धी असली तर झाकणं अर्धी, हे हाताला माहीत होतं, पण ते गणित आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीचं मात्र उलटं. दिवसभर मी इंग्रजीच बोलायचे : सलाईन, डिस्चार्ज, ड्रेसिंग, ओपीडी, बीपी लो. लिहायला बसलं की त्यातलं एक अक्षर वळायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. पाचला दवाखान्यातून सुटायचं, घरी येऊन दोघांच्या भाकरी टाकायच्या, सव्वासहाला शेअर रिक्षा धरायची. पत्रकार चौक, अप्पू हत्ती चौक, लाल टाकी, की आलं दिल्लीगेट. आम्ही सावेडीवाले याला अजून 'गावात जाणं' म्हणतो. परत यायला पावणेदहा. म्हणजे रोज साडेतीन तास माझा दुसरीतला मुलगा कुणाकडे तरी हवा. सासर नाही, माहेर लांब, पाळणाघर परवडत नाही आणि परवडलं तरी रात्री दहापर्यंत उघडं कुठे असतं?

तो कुणाकडे राहिला? शेजारच्या आजींकडे. सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या. मुलगी पुण्याला दिलेली. त्यांनी स्वतःहून काही म्हटलं नव्हतं. मी चाचरत विचारलं तेव्हा म्हणाल्या, "राहू दे की. मला टीव्ही बघायला जोडीदार झाला. पण माझं पाणी कोण भरील?"

हा आमचा करार. नगरला पाणी येतं मुळा धरणातून, आणि आमच्या भागात येतं एक दिवसाआड, तेही त्याच्या मर्जीच्या वेळेला. आजींचे गुडघे गेलेले. मी त्यांचा ड्रम, दोन हंडे आणि पिण्याची कळशी भरायची. रविवारी त्यांना न्हाऊ घालायचं, पायाची नखं काढायची. नखं जाड झालेली, ती आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी लागत. दवाखान्यात ते शिकले होते. बदल्यात माझा मुलगा रोज साडेतीन तास त्यांच्याकडे. उपकार कुणीच कुणावर करत नव्हतं, आणि म्हणून ते दीड वर्ष चाललं.

रात्री परत आले की मुलगा त्यांच्या सतरंजीवर झोपलेला असायचा. एका खांद्यावर माझं दप्तर, दुसऱ्यावर तो, चपला बोटांत अडकवलेल्या. कुलूप उघडायला तिसरा हात नसे. आजी उठून किल्ली फिरवायच्या आणि लंगडत परत जायच्या. एका रात्री त्याला अंथरुणावर टाकून त्याची वही बघितली. लाल शाईत शेरा होता, 'पालकांनी लक्ष द्यावे.' त्याच संध्याकाळी माझ्या निबंधाच्या वहीवर सरांनी लाल शाईतच लिहिलं होतं, 'अक्षर सुवाच्य. छान.' दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बसून राहिले. आईच्या शिक्षणाची फी मुलगा भरतो, हे कौतुकाच्या बातम्यांत येत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाचला त्याला उठवून अर्धा तास बसवायला लागले. तो चिडायचा. अजूनही कधी कधी ते काढतो.

जानेवारी २०१९. दहावीचं वर्ष, परीक्षा दोन महिन्यांवर. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मुलगी आली आणि त्यांना पुण्याला घेऊन गेली. एका डोळ्याचं झालं की दुसऱ्याचं, म्हणजे पाडव्याशिवाय येणं नाही. जाताना आजींनी मला पन्नासची नोट दिली, "पोराला खाऊ आण." रिक्षा वळली आणि मला कळलं की माझी शाळा त्या रिक्षातून गेली.

सगळं करून बघितलं. मुलाला वर्गात नेलं. सर काही म्हणाले नाहीत, शेवटच्या बाकावर तो दप्तराची उशी करून झोपला. पण रात्री साडेनऊला थंडीत, झोपेतल्या पोराला घेऊन रिक्षाची वाट बघणं चार दिवसच जमलं. पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. मग दवाखान्यातल्या एकीकडे ठेवलं, तिला रात्रपाळी लागली. मग घरमालकिणीकडे विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला काय आता कलेक्टर व्हायचंय का?" दुष्टपणाने नाही म्हणाल्या, खरंच विचारत होत्या. सराव परीक्षा चुकल्या, इंग्रजीचे जादा तास चुकले. घरी पुस्तक उघडून बसायचे, पण इंग्रजी हा माझ्यासाठी घरी बसून येणारा विषय नव्हता. कुणीतरी ते वाक्य मोठ्याने म्हणून दाखवावं लागायचं.

त्यात ते वर्ष असं की भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण बोर्डाने काढून टाकले होते. शंभराचा पेपर, सगळा लेखी. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पेपरांत चर्चा झाल्या. माझ्यापुरती चर्चा एवढीच, की मराठीत ६१, गणितात ४७, इंग्रजीत १९.

निकालाच्या दिवशी दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही. चादरी बदलत राहिले. एका पेशंटच्या मुलीने पेढा दिला, ती पास झाली होती. मी तो खाल्ला.

आजी पाडव्यालाच परत आल्या होत्या, डोळ्यांना काळा चष्मा लावून. निकाल सांगितल्यावर त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, "परत कधी आहे?" म्हटलं, जुलैत. "मग पोराला इकडंच झोपू दे. जाय तू." मी इंग्रजीसाठी पुन्हा गावात जायला लागले. ड्रम पुन्हा भरायला लागले. तीच मी, तेच पुस्तक, तेच डोकं. जुलैच्या पुरवणी परीक्षेत ३८ पडले.

त्या गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाने सत्कार केला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. माइकवरचा मुलगा म्हणाला की इच्छाशक्ती असेल तर परिस्थिती आड येत नाही. मी खाली बघितलं. तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत आजी, त्यांच्या मांडीवर माझं पोरगं डोकं टेकून झोपलेलं. परिस्थिती आडच येते, दादा. ती कुणीतरी दोन हातांनी बाजूला धरून ठेवावी लागते. हे माइकवर बोलायचं धाडस तेव्हा नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे.

पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली, मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. ला बसले. रविवारच्या तासांना जाताना मुलगा आता मला स्टॉपपर्यंत सोडायला येतो. अवांतर वाचताना जुन्या बायका भेटल्या. सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला नगरला सिंथिया फरार यांच्याकडे आल्या होत्या, हे तर गावातलं पोरही सांगेल. मी शोधत होते पोर पदरी असलेल्या. पंडिता रमाबाई १८८३ साली छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या, तिथे वॉन्टेजच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मदतीला होत्या. पार्वतीबाई आठवले ऐन विशीत विधवा झाल्या, पदरी मुलगा, आणि शिकल्या त्या बहीण बाया कर्वे आणि मेहुणे अण्णा कर्वे यांच्या आधाराने. पुढे रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम नेला, तेव्हा दोघांनीही नुसता वर्ग काढला नाही, राहण्या-जेवण्याची सोय आधी बघितली. बाईला शिकवायचं म्हणजे तिच्या चुलीचं आणि पोराचं काय, हे आधी ठरवायचं, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्ही अजून जिद्दीला शाली देतो. सत्काराच्या नारळाऐवजी त्या मंडळाने आपल्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा चार पोरं सांभाळली असती, तर आमच्या गल्लीतून आणखी दोघी तरी शाळेत गेल्या असत्या. त्यांची नावं मला माहीत आहेत.

परवा आवराआवर करताना दोन्ही मार्कलिस्ट सापडल्या. आजींना दाखवायला घेऊन गेले. गुडघे आता पार गेलेत, पण डोळे ठणठणीत. बोट ठेवून सांगितलं, "आजी, हे तुम्ही पुण्याला होतात तेव्हाचे, एकोणीस. आणि हे तुम्ही आल्यानंतरचे, अडतीस. वजा करा. मधले एकोणीस तुमचे."

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, परत दिला.

"मला कुढं येतंय इंग्रजी?" त्या म्हणाल्या. "नळाला पाणी आलं का बघ आधी."