आजोबांचा चाकू

बोरू कसा तासतात, असे गेल्या वर्षी वर्गात विचारले असता एकही हात वर आला नाही. यात विद्यार्थ्यांचा दोष तो काय? बोरूच जेथे दृष्टीस पडत नाही, तेथे तो तासणारा चाकू कोठून पडावा! आमचे आजोबा शिक्षक होते. कित्त्याच्या तासापूर्वी मुलांचे बोरू तासून देणे हे त्यांचे नित्याचे काम असे. बाळबोध अक्षरास टोकाचा काप तिरका लागतो. त्यात कसूर झाली की जाड-बारीक रेघ साधत नाही. ह्या कामी त्यांनी जन्मभर एकच घडीचा चाकू वापरला. तोच जुन्या पेटीच्या तळाशी आम्हांस सापडला.

चाकू शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्यातला. तारा व क्रूस ही त्यांची खूण 1764 पासूनची. ती पात्याच्या बुडाशी अंधूक दिसत होती. मूठ सांबरशिंगाची. हिंदुस्थानातील सांबरांची शिंगे जहाजाने शेफील्डला जात आणि चाकूंच्या मुठी होऊन आमच्याच बाजारात परत येत, हा व्यापारही मोठा मौजेचा! पाते मात्र साध्या पोलादाचे. न गंजणारे पोलाद 1913 साली त्याच शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केले. आमच्या चाकूस त्याचा वारा लागला नव्हता. तो गंजून इतका घट्ट झाला होता की नखाने उघडेना.

आता पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण ह्या पट्ट्यात लोखंड घासणाऱ्यांची वाण नाही. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, मागाहून मोटारींचे आले, आणि त्यांच्या आश्रयाने लहान वर्कशॉपे गल्लोगल्ली झाली. आमच्या पुतण्याने तर चाकू विजेच्या चाकावर धरून पाच मिनिटांत आरशासारखा करून देण्याची तयारी दाखविली. आम्ही मोहात पडलोही होतो. सुदैवाने शेजारी राहणारे, एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले काका तेथे बसले होते. ते म्हणाले, “सर, कोरड्या चाकावर पाते तापले आणि निळे पडले, की त्याचे पाणी उतरले. मग ते लोणी कापायला ठेवा.” पोलादावर निळा रंग येतो तो सुमारे 300 अंश सेल्सिअसला, आणि पातळ धार तेथवर निमिषात पोहोचते, हे त्यांनी आम्हांस समजावून दिले.

त्यांच्या सांगण्याबरहुकूम आम्ही सांध्यात तेलाचे थेंब सोडून चाकू 3 दिवस तसाच ठेवला. चौथ्या दिवशी पाते हलले. मग तेल लावून बारीक पॉलिश पेपरने, पात्याच्या लांबीच्या दिशेने, गंज तेवढा उतरविला. खाली उरलेला काळसर रंग मुद्दाम राखला. मुठीस पाण्याचा स्पर्श होऊ दिला नाही, कारण शिंग फुगते. धार सहाणेवर दिली. पाठीची स्प्रिंग शाबूत होती. पाते मिटताना ‘टक्’ असा आवाज आला, तो आम्ही 30 वर्षांनी ऐकला.

राहिले मोडके टोक. काका म्हणाले, “पाठीकडून उतार देत आणले, की धार जागच्या जागी राहते आणि मोडले होते हे कुणास कळणारही नाही.” आम्ही नको म्हटले. त्यांनी कारण विचारले नाही, आणि विचारते तर आम्ही सांगितले असते असेही नाही.

ते टोक आम्ही 9 वर्षांचे असताना रंगाच्या डब्याचे झाकण उचकटताना मोडले होते. चाकू मिटून आम्ही गुपचूप जागेवर ठेवला. आळ आला तो आतेभावावर. त्यांनी मार खाल्ला, आणि त्या सुट्टीत पुन्हा चाकूस हात लावण्याची त्यांस बंदी झाली. आम्ही दाराआड उभे होतो.

आतेभाऊ आता चाकणच्या एका कारखान्यात असतात. मागल्या रविवारी ते आले, तेव्हा आम्ही चाकू त्यांच्यापुढे ठेवला. पाहताच हसून म्हणाले, “हे टोक मीच मोडले होते, नाही का? अंगणात, खिळा काढताना.” आम्ही थक्क झालो. खिळा कोणत्या फळीतला, हेही ते सांगू लागले!

“दादा, ते तुम्ही मोडले नव्हते,” असे म्हणून आम्ही सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग चाकू पुन्हा मागून घेतला, दोनदा उघडून मिटला, आणि म्हणाले, “अरे, मग तो खिळा कोणता?”

ह्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ताटात पेरू होते. ते त्यांनी त्याच चाकूने कापले आणि पहिली फोड आमच्या हातावर ठेवली.