आवाज आहे, बोल नाहीत

घरात गाणं ऐकण्यासाठी स्पीकर घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा?" मी लहान असताना, म्हणजे 2000 च्या आसपास, खोक्यांवर हजार-दीड हजार वॅट आणि पुढे 'पीएमपीओ' असं ठळक छापलेलं असायचं. तो आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा, बहुतेक कागदावरचाच. खरा आकडा 'आरएमएस'चा. सतत किती शक्ती देता येते ते तो सांगतो, आणि तो पुष्कळदा वीस-तीसच निघे. बरं, शक्ती दुप्पट केली म्हणून आवाजही दुप्पट ऐकू येत नाही. तीन डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला जरासा मोठा वाटतो इतकंच.

माझं माप वेगळं आहे. मी उर्दू माध्यमाची शिक्षिका. ज आणि ज़, ख आणि ख़, फ आणि फ़ यांतला फरक मुलांच्या जिभेवर बसवण्यात माझी वर्षं चालली आहेत. ग़ज़ल ऐकताना मला आधी हे नुक्ते ऐकू यायला हवेत. यात पांडित्य नाही, ध्वनीचा साधा हिशेब आहे. स्वरांचा भरदारपणा खालच्या आणि मधल्या कंपनांत असतो. स, ज़, फ़ यांची घासणारी हवा मात्र बरीच वर, चार-पाच हजार हर्ट्झच्याही पुढे असते. जुन्या टेलिफोनवर 3400 हर्ट्झच्या वरचं कापलं जाई, म्हणून नाव सांगताना 'स सशाचा, फ फणसाचा' करावं लागे. ढुमढुम स्पीकरवर ग़ज़लचं तेच होतं. चाल कळते, शेर हरवतो.

हे सगळं मला अब्बांमुळे शिकावं लागलं. अब्बांचं पेठला शिलाईचं दुकान होतं. मशीनशेजारी मर्फीचा रेडिओ, ठाण्याच्या कारखान्यातला. त्यांची शाळा चौथीला सुटली. पुढचं उर्दू त्यांनी रेडिओवरून उचललं, 1952 पासून सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सादर करणाऱ्या अमीन सयानींच्या निवेदनातून, तलत महमूद आणि बेगम अख़्तर यांच्या गाण्यातून. त्या रेडिओतही वरची कंपनं फारशी येत नसत, पण लाकडी पेटीतला आवाज मध्यात स्वच्छ होता आणि अब्बांचे कान तरुण होते. माझा तलफ्फुज त्यांनी सुधारला, बी.एड.च्या कॉलेजने नाही.

आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. वयानुसार कानाची वरची बाजूच आधी जाते. भावाने हौसेने मोठा ब्लूटूथ स्पीकर आणला, जमिनीवर ठेवला की फरशी थरथरायची. पहिले चार दिवस अब्बा बसले. नंतर गाणं लागलं की ते ओट्यावर जाऊन बसू लागले. अम्मीला वाटलं, शौक संपला. मी विचारलं तर म्हणाले, "आवाज है, बोल नहीं."

ज्या माणसाने मला शब्द दिले त्याच्याकडे शब्द पोचत नाहीत, हे मला सहन होईना.

मे महिन्यात त्यांना एसटीने सावळघाट ओलांडून नाशिकला नेलं. दुकानातला मुलगा आधी माझ्या भावाशीच बोलत होता. मग मी पेनड्राइव्ह पुढे केला तेव्हा म्हणाला, "ताई, आधी बेस तर ऐका." मी बेस कमी करायला लावला. बेगम अख़्तर यांची एकच ग़ज़ल तीन जोड्यांवर, शक्य तितक्या सारख्या आवाजात लावली. आवाज सारखा ठेवणं महत्त्वाचं, कारण जो जरा मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. पहिल्या जोडीला अब्बा गप्प राहिले. दुसरीला मान हलली. तिसरी होती सर्वांत छोटी, लाकडी पेटीची. खाली वूफर, वर बारीक आवाजाचा ट्वीटर. तिच्यावर ते ओळीमागून शब्द पुटपुटू लागले. एके ठिकाणी थांबून मुलाला म्हणाले, "ग़ैन सुना आपने?" तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. छोट्या अॅम्प्लिफायरसकट साडेअकरा हजार पडले.

पण स्पीकर घेऊन काम संपत नाही, ठेवणं उरतं. आपल्या घरांत तो शोकेसच्या माथ्यावर जातो आणि पंख्याला गाणं ऐकवतो. वरची कंपनं दिव्याच्या झोतासारखी सरळ जातात; ट्वीटर कानाच्या उंचीवर, कानाकडे तोंड करून हवा. आणि आवाज वाढवण्यापेक्षा अंतर कमी करावं. मी जोडी अब्बांच्या खुर्चीपासून चार फुटांवर आणली. समोरच्या उघड्या भिंतीवर आवाज आपटून बोल फिसकटत होते, तिथे पुस्तकांचं कपाट सरकवलं आणि दोरीवर गोधडी टांगली. अम्मी म्हणाली, घर आहे की धोबीघाट!

पेठेत आणखी एक शत्रू आहे, पाऊस. दमट हवेत स्पीकरच्या कडेचा फोम काही वर्षांत कुजून भुगा होतो. म्हणून मी कडा रबराची बघून घेतली. पत्र्यावर सर पडू लागली की मात्र कोणत्याच स्पीकरचा इलाज चालत नाही. आम्ही बंद करतो.

घरात गाणं कशाला, असं म्हणणारे नातेवाईकही आहेत. अब्बा वाद घालत नाहीत. ते मिरजेचं नाव घेतात. तिथे ख़्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम ख़ाँ (1872–1937) यांची कबर आहे आणि उरुसात मोठमोठे गायक येऊन गातात. ख़ाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आम्ही या जोडीवर लावल्या. खरखर आधी पुढे येते, मग तिच्यामागून तो बारीक, सुईसारखा स्वर. इथे ट्वीटर जरा कमीच बरा, नाहीतर खरखरच ऐकावी लागते.

स्पीकर म्हणजे उपचार नव्हे, हे मला कळतं. जूनमध्ये अब्बांच्या कानांची तपासणी झाली. आलेखात उजवीकडे रेघ घसरत गेलेली. श्रवणयंत्र घेतलं, त्याने अम्मीचं बोलणं समजतं, नातवाचंही. पण यंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं, त्यातून तानपुरा त्यांना पत्र्यासारखा लागतो. गाण्यासाठी वेगळी जुळवणी करता येते असं तपासणाऱ्या मॅडमनी सांगितलं आहे. पुढच्या शनिवारी जायचं आहे, पेनड्राइव्ह बरोबर घेऊन. तोवर अब्बा यंत्र काढून डबीत ठेवतात, खुर्ची आणखी वीतभर पुढे ओढतात आणि मला लावायला सांगतात.