झील धरणारी माणसं

आमच्या शनिवारच्या बैठकीला नवं कुणी आलं, की दारातच सांगतं, "मला गाता येत नाही हं." मी पेटीवरूनच विचारतो, "टाळी वाजवता येते ना? मग या."

आयत्या वेळच्या विनोदी संगीत प्रवेशांना मी बरीच वर्षं साथ करतो आहे. समोरच्यांनी एक शब्द द्यायचा, त्यावर तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा आणि तो रंगात आला की गाणं धरायचं. शब्द, चाल, सगळं त्याच क्षणी. यासाठी निवडचाचणी घेणारे गट मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. ज्याला आज आपण इम्प्रोव्ह म्हणतो, त्याचे खेळ शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी रचले, तेही मुलांसाठी, परदेशातून येऊन वसलेल्या घरांतल्या मुलांसाठी. त्यांचा मुलगा पॉल सिल्स यानं इतरांबरोबर 'सेकंड सिटी' ही नाटकमंडळी सुरू केली ती १९५९ साली. म्हणजे या वाटेवर शिकाऊ आधी आले, नट मागाहून.

आपल्याकडे तर हे रक्तातच आहे. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी करायची. तळकोकणातल्या दशावतारात आजही कथानक तेवढं ठरलेलं असतं, संवाद रंगमंचावर जुळतात.

गाणं तरतं ते झीलकऱ्यांवर. तमाशात मागे उभे राहून 'जी जी' करत ध्रुवपद उचलणारे झीलकरी असतात, तेच काम आमच्याकडे बाकीचा सगळा गट करतो. गाणाऱ्यानं एक सोपी ओळ द्यायची, सगळ्यांनी ती घोळवायची. तेवढ्या अवधीत त्याला पुढचं कडवं सुचतं. म्हणून पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला मी झील देतो. ते कमीपणाचं काम नाही. चांगली झील धरायला कान लागतो.

यमकाचं मात्र शिकवावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे येतो-जातो-खातो हवे तेवढे मिळतात, आणि गाणं तिथेच पडतं. म्हणून नाम शेवटी टाका. हशाचा शब्द आधी मनात धरा आणि दुसऱ्या ओळीसाठी राखून ठेवा. 'वरण' म्हणायचं असेल तर आधी 'धोरण' गाऊन घ्या. ऐकणाऱ्याला वाटतं, वरण आत्ताच सुचलं.

मागच्या पावसाळ्यात एक बाई लेकीला सोडायला आल्या आणि पावसामुळे थांबल्या. शब्द आला, 'कुकर'. लेकीनं हाताला धरून त्यांना उभं केलं. त्या गायल्या नाहीत, तक्रार केल्यासारखं बोलल्या: "तीन शिट्ट्या झाल्या, कुणी उठेना!" मी त्यांच्या बोलण्याचाच सूर पेटीवर शोधला आणि तिथेच थांबलो. ढोलकीवाल्यानं केरवा धरला. गटानं ओळ उचलली, आणि दुसऱ्या फेरीला बाई आपोआप सुरात आल्या.

तिसऱ्या कडव्याला अडल्या. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. आमच्यात आठ वर्षं काम करणारा एक नट आहे, हजरजबाबी. त्यानं स्वतः कडवं घेतलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. तो पुढे आला, गुडघ्यात वाकला, तळहात डोक्यावर ठेवला आणि नुसता "फुस्स" करत हळूहळू वर उठू लागला. त्याचा कुकर झाला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि ठेक्यावर विचारलं, "गॅस बंद कर म्हणायलाही मीच का?"

हशा एवढा झाला की पेटी ऐकू येईना. झीलकऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज त्यांच्या लेकीचा होता.

पुढच्या शनिवारी लेकीची परीक्षा होती, ती आली नाही. बाई आल्या.