आत्याच्या ओव्या, लिनक्सवर

रात्रीचे अकरा वाजलेत. आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आज साफ करायला घेतलं. लिनक्सवर माझा पहिला हात ऑडॅसिटीकडेच जातो. 2000 सालापासून मोफत मिळणारं, कोड खुला असलेलं हे सॉफ्टवेअर कापाकापीला आणि खरखर काढायला पुरेसं आहे. जातं फिरायच्या आधीचा, नुसत्या पंख्याच्या आवाजाचा तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून दिला. नमुन्यात जात्याची घरघर शिरली तर तीही पुसट होते, आणि जात्याशिवाय ओवी अर्धीच. 12 डेसिबल कपातीला आत्याचा आवाज पत्र्यासारखा झाला. 6 वर आणल्यावर तिचा श्वाससुद्धा परत आला.

बरेच ट्रॅक एकत्र बसवायचे असते तर आर्डर हे सॉफ्टवेअर घेतलं असतं. त्यात मूळ फाईलला धक्का लागत नाही.

उरलेल्या ओव्यांसाठीचा नवा माईक मात्र ऑडॅसिटीत दिसेना. लिनक्सवर आवाजाचे थर असे: तळाशी कर्नलमधलं अल्सा, त्यावर पाइपवायर, मग ऑडॅसिटी. टर्मिनलवर अल्साची यादी काढली, तिथे माईक होता. म्हणजे केबल ठीक. आवाजाच्या सेटिंगमध्ये त्याचं प्रोफाइलच 'ऑफ' निघालं. ते बदललं, ऑडॅसिटीत उपकरणं पुन्हा शोधायला लावली आणि आवाजाची पट्टी हलायला लागली. बिघाड शोधताना प्रत्येक थराला असं वेगळं विचारता येतं, म्हणून तर मी लिनक्स सोडत नाही.

उरलेल्या ओव्या रविवारी 48,000 हर्ट्झवर घेईन. जपायला फ्लॅक, एमपीथ्री फक्त भावंडांना पाठवायला.