घर दाखवायचं म्हणून

मोताळ्याचं घर विकायला काढलं, तेव्हा आठ दिवस रजा टाकून गेलो. माळ्यावरची अडगळ भंगारवाल्याला दिली, रंग काढला. मागच्या खोलीची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. गिऱ्हाईक मुद्दाम दिवाळीनंतर बोलावलेलं, भिंत कोरडी होती. पुट्टी भरून वर रंगाचे दोन हात मारले. (खरं सांगू? तेव्हा काही वाटलं नाही.)

मलकापूरहून नवरा-बायको आले. घर आवडलं. आई चहा घेऊन आली आणि त्या बाईंना म्हणाली, "ह्या भिंतीला कपाट नका लावू बरं. ओल येते, कपडे खराब होतात."

दीड लाख कमी झाले.

रात्री मी चिडलो. आई म्हणाली, "अरे, तू जाशील पुण्याला. शेजारी तुझे काका राहतात ना!"